साडेपाच इंचांचे बहात्तर चौकोन

आमच्या घरातल्या नळाला टोपी होती. वीस नंबरच्या पांढऱ्या सुती दोऱ्याची, क्रोशाची, काठाला पाकळ्या. नळाला थंडी वाजते असं घरात कुणाचंच म्हणणं नव्हतं. पण आईला हात रिकामे ठेवून बसता येत नसे, आणि घरातल्या झाकण्याजोग्या वस्तू तिनं केव्हाच संपवल्या होत्या. टीव्हीला आच्छादन, रिमोटला झबलं, मिक्सरला घागरा, फ्रिजच्या मुठीला मोजा. बाबा खुर्चीत फार वेळ हलले नाहीत की मी त्यांना हळूच हलवून ठेवायचो. उगाच गैरसमज नको.

बसनं वीस मिनिटांवर मावशी राहायची. तिच्याकडेही तोच प्रकार. तिच्या थर्मासला बिनबाह्यांचा स्वेटर होता. तिच्याकडे एका झाकणावर दुसरं झाकण होतं, पहिलं मळू नये म्हणून.

दोन सख्ख्या बहिणी दोन घरांत बसून दिसेल ते झाकत सुटल्या होत्या, आणि नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडण अर्ध्या इंचाचं होतं. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. दोघींनी मिळून एक पलंगपोस करायला घेतला होता. बारा चौकोन उभे, बारा आडवे, म्हणजे एकशे चव्वेचाळीस. निम्मे आईनं विणायचे, निम्मे मावशीनं, आणि शेवटी एकत्र बसून जोडायचे. नमुना एक, दोरा एकाच दुकानातला, सुईचा नंबर एक. दीड वर्षानं मावशी आपले बहात्तर चौकोन घेऊन आली. आमच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर दोघींनी मांडामांड सुरू केली आणि दुसऱ्याच रांगेत दोघींचे हात थांबले. आईचा चौकोन साडेपाच इंच भरत होता, मावशीचा सहा.

ज्यांनी कधी विणलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात चूक कुणाचीच नसते. दोरा बोटावरून कुणी खेचून घेतं, कुणी नुसता येऊ देतं. आईचा हात आवळ, मावशीचा सैल. हस्ताक्षरासारखंच असतं ते. पण हे समजूतदार वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारलं नाही. आईनं गणित शिकवण्यात तीस वर्षं घालवली होती, तिनं टेप आणली. मावशी म्हणाली, नमुन्यात सहा इंच लिहिलंय. आई म्हणाली, नमुन्यात 'सुमारे' लिहिलंय. मग चौकोन बाजूला राहिले आणि वेण्या निघाल्या. लहानपणी मावशी आईच्या वेण्या घालायची आणि त्या इतक्या सैल असायच्या की मधल्या सुट्टीपर्यंत आईची झिपरी व्हायची, ही गोष्ट आईनं चाळीस वर्षं जपून ठेवली होती. मावशीनंही काही कमी जपलं नव्हतं. तिच्या मते आई ज्याला हात लावते त्याचा गळाच आवळते, मग तो दोरा असो, नवरा असो की पोरगा. पोरगा म्हणजे मी. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि दारात उभा राहून केळं खात होतो. पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं गेलं तेव्हा मी घशात अडकल्याचं सोंग केलं. कुणी हसलं नाही. मावशीनं आपले चौकोन गोळा केले आणि ती गेली.

तेव्हापासून मी टपालाचं काम करत होतो. 'तुझ्या मावशीला सांग, डॉक्टर बदल म्हणावं.' 'तुझ्या आईला सांग, स्वतःचा रक्तदाब बघ म्हणावं.' मी निरोप पोचवायचो, आणि वाटेत थोडे दुरुस्तही करायचो. मूळ निरोप कोरडा असे, मी त्यात चार मऊ शब्द घालायचो किंवा एखादा टोमणा. टोमण्यांना जास्त मागणी होती. दोघी मला नाटक्या म्हणायच्या. हे एकच नाव दोन्ही घरांत चालायचं.

मोठा झाल्यावर मला लिफ्टच्या कंपनीत तक्रारीचे फोन घ्यायची नोकरी लागली. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबतं आणि आवाज माझ्या कानात येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं, एवढंच माझं काम. पहिल्याच दिवशी साहेबांनी नियम सांगितला. मेकॅनिक जेवत असो, झोपलेला असो, त्याला अजून फोनही झालेला नसो, अडकलेल्या माणसाला एकच वाक्य सांगायचं: निघालाय. त्या एका शब्दावर माणूस वीस मिनिटं शांत बसतो. मी हे वाक्य इतकं छान म्हणायचो की एका वर्षात माझा पगार वाढला.

गेल्या वर्षी मावशीची बोटं आखडायला लागली. आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर. ती दातांच्या दवाखान्यात आलेल्यांची नावं लिहून घ्यायची, आणि पेशंट आत गेला की मधल्या वेळात टॅटिंग करायची. टॅटिंगला सुई लागत नाही. होडीच्या आकाराची एक शटल असते, मुठीत मावते, तिच्यानं दोऱ्यावर गाठीमागून गाठ मारत छोट्या छोट्या कड्या करायच्या आणि कडीला कडी जोडत न्यायची. डॉक्टर म्हणायचे, आत मी दात काढतो आणि बाहेर या दात लावतात, कारण ती झालर दिसायची तशीच. आता शटल तिच्या हातातून पडायला लागली.

एका रविवारी तिनं कपाटातून एक कापडी पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. पिशवीच्या तोंडाला गोल टॅटिंगची झालर होती. आत ते बहात्तर चौकोन होते, धुतलेले, इस्त्री केलेले.

"तुझ्या आईला दे," ती म्हणाली. "म्हणावं, माझ्याच्यानं आता काही होणार नाही. तुला हवं तसं कर."

मी विचारलं, टोमणा काय जोडू? ती म्हणाली, या वेळी काही जोडू नकोस. जसंच्या तसं सांग.

माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेली ही एकच स्वच्छ सूचना.

मी बसमध्ये बसलो, पिशवी मांडीवर. आणि मला एक कल्पना सुचली. ती मला तेव्हा फार हुशारीची वाटली, हे कबूल करायला हवं. मी विचार केला, हे असेच्या असे आईपुढे ठेवले तर काय होईल? टेप निघेल. वेण्या निघतील. त्यापेक्षा हे चौकोन साडेपाच इंचांचेच निघाले तर? क्रोशाचं एक बरं असतं, शेवटची गाठ सोडून टोक ओढलं की अख्खं काम सरसर उसवतं, दोरा जसाच्या तसा हातात. तो दोरा घ्यायचा, जरा बारीक सुई घ्यायची, तोच नमुना पुन्हा विणायचा. मावशीचाच दोरा, मावशीचाच नमुना, माप तेवढं आईचं. आई टेप लावेल, टेप गप्प बसेल, आणि मी दोघींना एका खोलीत आणलेला माणूस म्हणून उरलेलं आयुष्य फुकट जेवेन.

विणता मला येत होतं. लहानपणापासून दोन्ही बाजूंना तेच चालू असल्यावर माणूस न शिकून जाईल कुठे. मी पिशवी घरी नेली नाही. ऑफिसात नेली.

उसवलेला दोरा कुरळा होतो. त्याला ओला करून, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून, पंख्याखाली वाळवावा लागतो. आमच्या विभागात चार खुर्च्या. दुपारी चारही खुर्च्यांना पांढरी मलमपट्टी बांधल्यासारखी दिसायची. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पाठीसाठी. त्यांनी आपली खुर्चीही आणून दिली.

कानात हेडफोन, हातात सुई. "घाबरू नका, मेकॅनिक निघालाय," मी म्हणायचो, आणि मनात तीन साखळ्या, दोन खांब, दोन साखळ्या. एकदा ते मनात राहिलं नाही. सहाव्या आणि सातव्या मजल्यामध्ये अडकलेल्या एका बाईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "अहो, कोपऱ्यावर तीन खांब घ्या, दोन नाही. चौकोन मुरडेल." मी बघितलं तर मुरडलाच होता. त्या सुटल्यावर त्यांनी माझ्या नावे कौतुकाचं पत्र पाठवलं.

पण काम हळू चाललं होतं. दिवसाला अर्धा चौकोन, सुट्टीला शून्य. एका महिन्यानं मावशीनं विचारलं, दिलीस का पिशवी? मी म्हणालो, दिली. काय म्हणाली? आणि माझ्या तोंडातून माझं ऑफिसचं वाक्य बाहेर पडलं, जरा वेगळे कपडे घालून: बघतेय ती, मावशी. एकेक काढून बघतेय.

मावशी त्यावर शांत बसली. वीस मिनिटं नव्हे, पुढचा पूर्ण महिना.

दुसऱ्या महिन्यात तिनं पुन्हा विचारलं. जोडायला घेतलं का? मी म्हणालो, लवकरच. काही बोलली का? तिचा चेहरा असा झाला होता की मला रिकाम्या हातानं बसवेना. मी म्हणालो, "बोलली ना. म्हणाली, ताईचा हात अजून सैलच आहे."

मावशी इतकी हसली की तिनं चष्मा काढला. "म्हणजे मोजून बघितलं तिनं," ती म्हणाली. "टेप लावली असणार. धाकटी टेपेशिवाय श्वास घेत नाही." मग ती उठली आणि थर्मासचा स्वेटर सरळ केला. तो आधीपासून सरळच होता.

एवढ्यावर मी कबूल करायला हवं होतं. एवढं आनंदी माणूस समोर असताना करायचं तरी कसं, असं मी स्वतःला म्हटलं. शिवाय फक्त पंचेचाळीस चौकोन राहिले होते. आणि आईकडून काही निरोप येत नव्हता, कारण आईला काही ठाऊकच नव्हतं. ती घरात बसून चहाच्या गाळणीला झालर लावत होती.

तिसऱ्या, चौथ्या महिन्यात मावशीनं विचारणं कमी केलं. नुसतं दार उघडायची आणि माझ्या मागे जिन्याकडे एकदा बघायची. मग म्हणायची, ये, तू आलास का. मी त्यावरही काहीतरी विनोद करायचो. काय करायचो ते आता आठवत नाही. बरेच असणार, सवयच होती.

पाचव्या महिन्यात शेवटच्या दोन चौकोनांना दोरा पुरेना. जुना दोरा, उसवताना ठिकठिकाणी तुटला होता. दुकानात गेलो तर त्या कंपनीचा दोरा बंद झाला होता, नवा मिळाला तो निळसर पांढरा. तेव्हा माझं लक्ष पिशवीच्या झालरीकडे गेलं. तोच दोरा, हातभर झालर, दोन चौकोनांना पुरली असती. मी टोक शोधलं आणि ओढलं. काही झालं नाही. टाचणीनं गाठ सैल करून बघितली, मग सुईनं, मग दातांनी. टॅटिंग उसवत नाही. प्रत्येक टाका ही गाठच असते, आणि कडी एकदा आवळली की आवळली. शेवटी मी कात्रीनं तीन कड्या कापल्या, वाटलं एक बाजू मोकळी झाली की सुटेल. तीन कड्यांचा पांढरा चुरा झाला. दोरा वीतभरसुद्धा निघाला नाही. मी शेवटचे दोन चौकोन निळसर दोऱ्यानं पुरे केले आणि ते ढिगाच्या तळाशी घातले.

बहात्तरावा चौकोन मंगळवारी झाला. आईच्या हातात पिशवी रविवारी द्यायची, सुट्टी बघून, असं मी ठरवलं. गुरुवारी मावशीला ताप भरला. शुक्रवारी शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी आईला सांगितलं आणि आई चप्पल न घालता निघाली, ती जिन्यात परत फिरली. आम्ही पोचलो तेव्हा मावशी कुणाला ओळखत नव्हती. आई पलंगाजवळ बसून तिचा हात धरून होती. आखडलेली बोटं एकेक सरळ करत होती, आणि सोडली की ती पुन्हा मिटत होती. दोन दिवस हेच चाललं. रविवारी मावशी गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी पिशवी आईपुढे ठेवली. काहीतरी चांगलं होईल असं मला अजूनही वाटत होतं, इतका मी मूर्ख. म्हटलं, मावशीनं दिलीय तुला.

आईनं आधी झालरीवरून बोट फिरवलं. मग आत हात घातला आणि वरचा चौकोन काढला. टेप आणली नाही. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळल्यासारखं केलं, डोळे दुसरीकडेच होते.

"हे कुणी विणलं?"

मी म्हणालो, मावशीनं.

"हा ताईचा हात नाही."

तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. मग पिशवी पलंगावर उपडी केली आणि एकेक बोटांखालून घालायला लागली, घाईघाईनं, भाजीवाल्याकडे चांगला नग शोधतात तसं. मला आधी वाटलं ती मोजतेय. मग कळलं, मावशीनं विणलेला एखादा तरी सापडतो का ते बघतेय. बहात्तरही बघून झाले. निळसर दोन शेवटी निघाले, ते तिनं वेगळे ठेवले. तोपर्यंत मी सगळं सांगून टाकलं होतं. बारीक सुई, खुर्च्या, बसमधली कल्पना. साडेपाच इंच.

आई उठली. स्टुलावर चढून कपाटावरची सूटकेस काढली. ती नऊ वर्षं तिथेच होती, मी तिला कधी हात लावला नव्हता. आत तिचे बहात्तर चौकोन होते. त्यातला एक तिनं माझ्या चौकोनावर ठेवला. चारी बाजूंनी पाव पाव इंच बाहेर आला.

"सहा," आई म्हणाली. "ताई भांडून गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी सगळ्यांना एकेक जास्तीची फेरी घातली. एकच फेरी कमी पडत होती. तेवढंच होतं ते."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, ती येईल तेव्हा दाखवणार होते. तिनंच ढीग उचलून नेला होता, तिनंच परत आणायला हवा होता. हे म्हणताना तिचा आवाज अगदी गणिताच्या तासाला असायचा तसा होता. मग तो तसा राहिला नाही.

"पिशवी कधी दिली तिनं तुझ्याकडे?"

"पाच महिने झाले."

"काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. या वेळी जसंच्या तसं. माझ्याच्यानं आता काही होणार नाही, तुला हवं तसं कर.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, टोपी ओली झालेली. "त्याच दिवशी गेले असते मी," ती म्हणाली. "त्याच बसनं."

मग मी तिला तो बनावट टोमणाही सांगितला, ताईचा हात अजून सैलच आहे तो, आणि मावशी कशी हसली, चष्मा कसा काढला, 'म्हणजे मोजून बघितलं तिनं' कसं म्हणाली. मला वाटलं आई चिडेल. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर म्हणाली, अगदी हेच म्हणाले असते मी. आणि मग म्हणाली, पण मी म्हटलं नव्हतं ना.

तिनं पिशवी हातात घेतली, झालर उजेडात धरली.

"ही उसवायला गेला नाहीस, हे नशीब."

"गेलो होतो," मी म्हणालो. "उसवली नाही."

तिला तुटलेली जागा सापडली. तीन कड्यांची फट. त्या फटीतून तिनं करंगळी घातली आणि काढली. म्हणाली, मला टॅटिंग कधी जमलं नाही. एक टाका चुकला तर मागे जाता येत नाही, मला ते सहन व्हायचं नाही. ताईला चालायचं. चुकली की ती तशीच पुढे जायची, म्हणायची, पुढच्या कड्यांत लपेल.

झालर तिनं पिशवीवरून काळजीपूर्वक काढली आणि कुठेतरी ठेवली. कुठे ते मला सांगितलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग माझ्या चौकोनांचा ढीग माझ्या पुढ्यात सरकवला आणि सूटकेसमधली तिची सुई वर ठेवली. एकेक फेरी घाल, म्हणाली. मी म्हणालो, तू घाल ना, तुझ्या हाताला छान येईल. तर म्हणाली, दोन हात एका चौकोनात नकोत. तुझा आहे, तूच घाल.

सध्या एकतिसावा चालू आहे. जुना दोरा मिळत नाही, त्यामुळे माझ्या प्रत्येक चौकोनाला निळसर काठ येतोय. आईचे सगळे बरोबर सहा इंच. माझे काही पावणेसहा, काही सव्वासहा. ऑफिसातल्या खुर्च्या आता मोकळ्या आहेत. साहेबांनी विचारलं, पाठ बरी झाली का? मी हो म्हणालो.

परवा चौथ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ अडकले होते. मेकॅनिक निघालाय ना, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, थांबा, विचारून सांगतो. विचारलं. निघाला नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं, आणि त्यांनी मला जे काही सुनावलं ते मी मेकॅनिक येईपर्यंत, पस्तीस मिनिटं, ऐकून घेतलं.